या वर्षापुरतं

"समुद्रात?" डॉक्टर टिपणीसांनी चष्मा काढून पुसला. "अहो, मुंबईत आता सुशिक्षित माणूस गणपती समुद्रात सोडतच नाही. कृत्रिम तलाव! पर्यावरण! तुमच्यापर्यंत पोचलं नाही वाटतं हे अजून."

आमच्या सभेच्या हॉलमधली सगळी डोकी एकदम हलली. डॉक्टर मुंबईहून आले होते, आणि मॉरिशसमधल्या मराठी माणसाला मुंबईहून आलेल्या कोणाहीपुढे मान डोलवायची सवय आहे. मुंबईहून उद्या एखादा तवा आला, तरी आम्ही त्याला हार घालू, शाल देऊ आणि दोन शब्द बोलायची विनंती करू. डॉक्टर तव्यापेक्षा जास्त बोलत, एवढाच फरक.

ते कशाचे डॉक्टर होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आल्यापासून त्यांचे डोळे तीनदा भरून आले होते. एकदा आमच्या अंगणातली तुळस पाहून, एकदा आमच्या बायकांनी केलेले मोदक पाहून आणि एकदा माझं मराठी ऐकून. "किती निरागस भाषा!" म्हणाले. वीस वर्षं मी सरकारी शाळेत मराठी शिकवत होते. निरागस म्हणे!

त्यांच्या एका बाजूला सुरेन गणोजी बसला होता. आमच्याच गावचा, शाळेत माझ्याच वर्गातला, आता खासदार. दुसऱ्या बाजूला विठूकाका, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ आणि आमच्या मराठी सभेचे अध्यक्ष. त्यांना अध्यक्ष कोणी आणि कधी निवडलं हे गावात कोणालाच आठवत नाही. तेही कोणाला आठवू देत नाहीत.

"ऐकलंत ना?" सुरेन उभा राहिला. "खुद्द मुंबईचे विद्वान सांगताहेत. तेव्हा या वर्षी गणपती हॉटेलच्या तळ्यात. हॉटेलमालक मस्ये दे मोंब्रेंनी आपल्यासाठी मुद्दाम बांधलंय. निळ्या टाइल्स लावल्यात. वाटेवर खोदकाम चालू आहे, मोठा खड्डा आहे, कोणी पडलं-बिडलं तर? फक्त या वर्षापुरतं."

हे 'या वर्षापुरतं' काय होतं, ते समजायला आमची वाट समजायला हवी.

आमचं गाव पॉइंत कोराय, बेटाच्या दक्षिण टोकाला. या बेटाचा इतिहास मी मुलांना एका तासात शिकवते, जास्त वेळ द्यावा असं त्यात काही नाही. आधी डच आले, त्यांनी डोडो संपवला आणि कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले, त्यांनी ऊस लावला आणि तो तोडायला गुलाम आणले. मग इंग्रज आले, त्यांनी गुलामी बंद केली आणि गुलामांच्याच झोपड्यांत आमच्या पणजोबांना आणून ठेवलं. त्याला 'करार' असं सभ्य नाव दिलं. रत्नागिरीकडून आलेल्या माणसाला बंदरावरच्या कारकुनाने नाव विचारलं, तो भिवाजी म्हणाला, आणि तेच आमचं आडनाव झालं. म्हणून मी यमुना भिवाजी. पुढे अडुसष्ट साली स्वातंत्र्य आलं, चार रंगांचा झेंडा आला, आणि ऊस ज्यांचा होता त्यांचाच राहिला.

आमच्याकडचा ऊस दे मोंब्रे घराण्याचा. गाव आणि समुद्र यांच्या मधोमध त्यांचा मळा. पणजोबांच्या काळात गणपती समुद्रात न्यायला वाट मिळेना, तेव्हा आमच्या लोकांनी ऐन तोडणीत कोयते खाली ठेवले. ऊस शेतात वाळायला लागला तसा त्या वेळचा मोंब्रे ताळ्यावर आला. नोटरीसमोर त्याने कबूल केलं की जोवर दरवर्षी तुमचा देव या वाटेने समुद्रात जाईल तोवर वाट तुमची. एक वर्ष जरी खंड पडला, तर वाट माझी. त्याला वाटलं असणार, दोन पिढ्यांत ही माणसं येशूचे पाय धरतील आणि वाट आपोआप परत येईल. पण आमची माणसं हट्टी निघाली. साथीच्या वर्षी गणपती उचलायला गावात चारच माणसं धड उरली होती, त्या चौघांनी नेला. युद्धात दिवे लावायला बंदी होती, तर चाचपडत नेला. गावातलं शेंबडं पोरही हा करार तोंडपाठ सांगत असे.

देव त्या वाटेने वर्षातून एकदा जाई. उरलेलं वर्षभर गाव जाई. कोळ्यांच्या होड्या तिथेच लागत, बायका तिथेच शिंपल्या वेचत, म्हातारे तिथेच वारा खात. किनारा कायद्याने सगळ्यांचाच आहे, पण किनाऱ्यावर काही कोणी आकाशातून उतरत नाही.

मग युरोपात साखरेचा भाव पडला आणि मोंब्रे घराण्याला अचानक समुद्र दिसू लागला. ऊस काढून हॉटेल उभं राहिलं, बंगले उभे राहिले. परदेशी पाहुण्यांसाठी समुद्र राखून ठेवायचा होता, आणि बंगल्यांच्या बरोबर मधून आमची वाट जात होती. कोळी डोक्यावर मासे घेऊन त्यांच्या नाश्त्यासमोरून जात होते.

मी उठले. "करारात समुद्र म्हटलंय, सुरेन. तळं नाही."

"तळं वाटेच्या शेजारीच आहे. चालतं ते."

"कोण म्हणालं?"

"मस्ये दे मोंब्रेंचे वकील." हॉलमध्ये कोणी हसलंसुद्धा नाही. सुरेन माझ्याकडे पाहून हसला. "यमुना, तू शाळेत होतीस तशीच राहिलीस बघ."

"तूही तसाच राहिलास. तेव्हा माझ्या पाटीवरचं उतरवायचास, आता मोंब्रेच्या पाटीवरचं उतरवतोस."

डॉक्टर टिपणीस मधे पडले. मऊ आवाजात म्हणाले, "ताई, भावना समजतात. पण तुमच्या मातीच्या मूर्तीने प्रवाळाला किती इजा होते, याचा विचार केलात?"

"वितभर मातीने होते, आणि हॉटेलने स्पीडबोटींसाठी प्रवाळ फोडून चर खणलाय, त्याने नाही होत?"

"तो विकासाचा भाग झाला," डॉक्टर म्हणाले. खरंच म्हणाले. मी आजही ते वाक्य आठवलं की एकटीच हसते.

काका माझ्यावर चिडले. आमच्याकडे रोजचं बोलणं क्रिओल, म्हणजे बेटावर घडलेल्या फ्रेंचमध्ये, देवाशी आणि भांडणात मात्र पणजोबांची भाषा बाहेर येते. "गो यमू, हो माणूस थंयसून इलो हा! तेका ठावक नाय, तर काय तुका ठावक? खाली बस!"

काका वाईट माणूस नव्हेत. वाईट व्हायला थोडी हिंमत लागते. मोंब्रेने तळ्याशेजारी संगमरवरी फलक लावायचं कबूल केलं होतं, त्यावर सभेच्या अध्यक्षांचं नाव कोरणार होते. गोऱ्याच्या जमिनीवर भिवाजीचं नाव, या एका गोष्टीवर काका आठवडाभर तरंगत होते.

सुरेनने हात वर करायला सांगितले. माझा सोडून सगळे वर गेले. ज्यांच्या होड्या त्या वाटेवर होत्या, त्यांचेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी समुद्रावर गेले. ओहोटी होती. रोझमाँ खडकावर ऑक्टोपस आपटत बसली होती. तो मऊ व्हावा म्हणून आपटतात. ती तो अशी आपटे की जणू त्याने तिचं काही वाकडं केलंय. साठी उलटलेली, काळी, उंच बाई. तोंडात कायम पाइप. गाव तिला 'झिल्वा' म्हणे, म्हणजे बेटवाली. ती दूरच्या चागोस बेटांवरून आलेली. स्वतः बेटावर राहणाऱ्यांनी दुसरीला बेटवाली म्हणून नाक मुरडायचं, हे आमच्यासारख्यांनाच जमतं.

"तुमच्या लोकांनी हात वर केले म्हणे," ती क्रिओलमध्ये म्हणाली.

"केले."

"आणि तू?"

"मी भांडले."

"म्हणजे काहीच नाही केलंस."

मला राग आला, पण ती बाई सगळ्यांशीच असं बोलायची. पाद्र्याशीसुद्धा. मी म्हटलं, "काय करू मग? एकच वर्ष आहे म्हणतात. या वर्षापुरतं."

तिचा हात वरच थांबला. ऑक्टोपस लोंबत राहिला.

"कोण म्हणालं या वर्षापुरतं?"

"सुरेन. का?"

ती खाली बसली आणि पाइप विझलेला असूनही ओढत राहिली. "माझ्या नवऱ्याच्या पायाला जखम झाली होती. आमच्या पेरोस बान्योसवर डॉक्टर नव्हता. बोटीने इथे पोर्ट लुईला घेऊन आले. पाय बरा झाला. धक्क्यावर गेलो, विचारलं, आमच्या बेटाची बोट कधी? तिकिटाच्या खिडकीतला म्हणाला, या वर्षी बोट नाही. बरं म्हटलं, एका वर्षाने काय होतंय! पुढच्या वर्षी गेलो. तेव्हा म्हणाला, बाई, तुमचं बेट विकलं."

चागोसची गोष्ट मला माहीत होती, इथे सगळ्यांना माहीत आहे. स्वातंत्र्य द्यायच्या आधी इंग्रजांनी ती बेटं कापून बाजूला ठेवली, तिथे परक्या फौजेचा तळ व्हायचा होता. माणसं उचलून आमच्या बंदरावर आणून टाकली. मी शाळेत ते दोन ओळींत शिकवत असे. पण त्या खिडकीचं कोणी मला सांगितलं नव्हतं.

"दाराला नुसती कडी अडकवून आले होते," रोझमाँ म्हणाली. "आईला म्हटलं, कोंबड्या आत घे, मी येतेच."

 

तिने ऑक्टोपस पुन्हा आपटला. "तुझ्या देवाला पोचवायला किती माणसं लागतात?"

"एकही पुरतं."

"मग दोघी पुष्कळ झालो. उपासबिपास काही लागतो का?"

"त्या दिवशी मासा खाऊ नकोस."

"त्या दिवशी नाही खात," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुप्पट खाईन."

विसर्जनाच्या दिवशी गाव असं नटलं होतं की लाज वाटावी. हॉटेलने सगळ्यांना पिवळे झब्बे दिले होते, फोटोत उठून दिसावेत म्हणून. आमची झाकरी, म्हणजे मृदंगावर गोल फेर धरून करायचा नाच, हॉटेलवाल्यांनी अर्ध्यावर कापून आटोपशीर करून दिली होती, कारण पाहुण्यांना कंटाळा येतो. काकांच्या डोक्यावर डॉक्टर टिपणीसांनी स्वतः फेटा बांधला होता. तो सारखा एका कानावर येत होता आणि काका राजासारखे तो वर सारत होते. सभेचा मोठा गणपती बांबूच्या मखरात पुढे, आणि मागे मी, माझ्या घरचा छोटा गणपती पाटावर घेऊन.

मळ्याच्या तोंडाशी रस्ता फुटतो. डावीकडे हॉटेलचं फाटक, सरळ आमची वाट. वाटेवर लाल फीत बांधली होती. मृदंग डावीकडे वळला, मखर वळलं, पिवळे झब्बे वळले. मी सरळ गेले. फितीपाशी रोझमाँ उभी होती. अंगावर चर्चला नेसायचा पांढरा झगा, डोक्यावर टोपी, तोंडात पाइप.

"यमू! खंय चाललंस?" काका ओरडले.

"समुद्रावर. गणपतीला पोचवायला."

"अगो, गणपती हंय आसा!"

"तो तुमचा. हा माझा."

डॉक्टर टिपणीस काकांच्या कानाशी लागून म्हणाले, "असू द्या. भावुक आहेत." फेटा पुन्हा कानावर आला. मिरवणूक फाटकातून आत गेली. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. ही माझी माणसं. त्या क्षणी मला त्यांची किळस आली.

फितीपाशी हॉटेलचा पहारेकरी होता. "वाट बंद आहे," तो म्हणाला. "खोदकाम आहे. खड्डा."

"दाखव," रोझमाँ म्हणाली.

"काय?"

"खड्डा दाखव. दाखवलास की परत जाते."

त्याने मागे पाहिलं. आम्हीही पाहिलं. लाल मातीची वाट समुद्रापर्यंत सरळ, स्वच्छ पसरली होती, दोन्ही बाजूंना आधी उरलासुरला ऊस, पुढे बंगले. खड्डा सोडा, कोणी कुदळसुद्धा मारली नव्हती. पहारेकरी बिचारा पगारी माणूस, स्वतःच बुचकळ्यात पडला. रोझमाँने फीत खाली ओढली आणि ओलांडली. मी मागून गेले.

पाणी थंड होतं, वारा तोंडावर होता. आम्ही कमरेपर्यंत आत गेलो. मी आरती म्हटली. रोझमाँ टाळ्या वाजवत होती, प्रत्येक टाळी चुकीच्या ठिकाणी. मी "गणपती बाप्पा" म्हटलं तर ती ठणठणीत आवाजात "आमेन" म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही. माझ्या हातातली मूर्ती पाण्यात गेली, आधी रंग सुटला, मग कान, मग सोंड, आणि मग हातात नुसता गाळ उरला आणि तोही गेला. माझी आजी म्हणायची की ती शेवटची माती बोटांतून सुटते ना, तेवढ्यासाठीच हा सण आहे.

मागे किनाऱ्यावर कोणीतरी होतं. गळ्यात मोठा कॅमेरा अडकवलेला एक गोरा माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहून आमचे फोटो काढत होता. हॉटेलने माहितीपत्रकासाठी पॅरिसहून आणलेला फोटोवाला.

"तू तिकडे तळ्यावर का नाहीस?" मी विचारलं.

"तिकडे फोटो काढण्यासारखं काही नाही," तो खांदे उडवून म्हणाला. रोझमाँने त्याला एक क्रिओल शिवी हासडली. त्याने तिचाही फोटो काढला.

तळ्यावर काय झालं ते मला संध्याकाळी घरोघर ऐकायला मिळालं. आधी कोणी सांगेना, मग कोणी थांबेना. पाहुण्यांची मुलं बुडू नयेत म्हणून तळं गुडघाभरच खोल ठेवलं होतं. गणपती सोडला तो टाइल्सवर बसला आणि पोटापासून वर तसाच कोरडा राहिला. सगळं गाव "पुढच्या वर्षी लवकर या" ओरडतंय आणि बाप्पा गेलेलेच नाहीत. काकांनी खांद्याला धरून दाबलं, तर हात निखळून काकांच्याच हातात आला. पाणी गढूळ झालं, पाहुण्या बायका नाक दाबून उठल्या. तेवढ्यात गणवेशातला हॉटेलचा माणूस पानं काढायची जाळी घेऊन आला आणि आरती चालू असतानाच देवाला जाळीने गोळा करायला लागला. डॉक्टर टिपणीस तेवढा वेळ फोनवर बोलत होते म्हणे. दुसऱ्या दिवशी ते विमानाने गेले. जाताना डोळे भरून आले होते.

दिवाळीच्या आत वाटेवर लोखंडी फाटक बसलं. कुलूप, पाटी, सगळं तयारच होतं. वकिलाने सभेला कळवलं की या वर्षी तुमचा देव समुद्रात गेला नाही, खंड पडला, करार संपला. होड्या पलीकडे अडकल्या. सुरेन म्हणाला, "मलाही फसवलं त्यांनी." फसला असेलही. फसायची इतकी हौस असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. डॉक्टर टिपणीसांना काकांनी मुंबईला फोन केला, तर ते म्हणाले, "हा तुमचा स्थानिक विषय आहे, मी त्यात पडणं बरोबर नाही." काकांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "आता गो?"

मी वकील केला. मी कोर्टात सांगणार होते की मी गणपती समुद्रात नेला, पण आम्हा दोघींचा शब्द एका बाजूला आणि हॉटेल दुसऱ्या बाजूला. पहारेकरी तर नोकरी सोडून कधीच निघून गेला होता, आणि फोटोवाला पॅरिसला.

मग एका सकाळी रोझमाँ माझ्या वर्गात शिरली. मुलं बाराखडी म्हणत होती. तिने माझ्या टेबलावर एक गुळगुळीत कागद आपटला. ती हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने ऑक्टोपस विकायची, तिथून उचलून आणला होता.

"माझा फोटो," ती म्हणाली. "मला न विचारता."

हॉटेलचं नवं माहितीपत्रक. पहिल्याच पानावर समुद्र, मावळतीचं ऊन, आणि पाण्यात आम्ही दोघी, मधे पाटावर गणपती. खाली फ्रेंचमध्ये छापलं होतं: 'आमच्या हॉटेलच्या किनाऱ्यावर शतकाहून जुनी, एकदाही खंड न पडलेली परंपरा. या वर्षीचा सोहळा.' तळ्याचा एकही फोटो नव्हता. जाळीतला देव कोण छापणार? पिवळे झब्बे, फेटा, अर्धी झाकरी, सगळं फुकट गेलं होतं. त्यांना विकायला खरी गोष्टच लागली, आणि खरी गोष्ट करणाऱ्या सगळ्या गावात त्या दिवशी दोनच बाया होत्या.

कोर्टात मोंब्रेचा वकील घामाघूम झाला. आधी म्हणाला, हा फोटो जुना आहे. मग 'या वर्षीचा सोहळा' वाचून म्हणाला, ही नुसती जाहिरात आहे. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "म्हणजे तुमचे अशील जाहिरातीत खोटं छापतात?" तेव्हा त्याने पवित्रा बदलला. मिरवणूक तळ्यावर गेली होती, एका बाईचा घरचा देव म्हणजे गावाचा देव नव्हे, आणि सोबतची दुसरी बाई तर ख्रिस्ती आहे, तिचा काय संबंध?

मॅजिस्ट्रेटने रोझमाँला उभं केलं. तिने पाइप खिशात ठेवला होता.

"तुम्ही कॅथलिक आहात?"

"हो."

"मग त्या दिवशी त्या वाटेवर तुम्ही काय करत होतात?"

"चालत होते."

"ते कळलं. पण का? हा देव तुमचा नाही, सण तुमचा नाही."

रोझमाँने मोंब्रेच्या वकिलाकडे पाहिलं, मग मागच्या बाकांवर पाहिलं. तिथे आमची सगळी सभा बसली होती, काका, सुरेन, हात वर करणारे सगळे.

"माझ्या बेटाची बोट एकच वर्ष चुकली होती, साहेब," ती म्हणाली. "चाळीस वर्षं झाली. माझी आई तिकडेच मेली असेल. कुठे पुरली ते मला माहीत नाही. देव कोणाचा ते मी बघितलं नाही. या लोकांना कळत नव्हतं, म्हणून मी चालले."

 मॅजिस्ट्रेटने ते कागदावर उतरवून घेतलं. वकिलाने तिला एकही प्रश्न विचारला नाही.

फाटक निघालं. वाट राहिली. निकालात लिहिलं की गावाचा देव किती मोठा असावा, किती माणसांनी न्यावा, हे करारात कुठेही म्हटलेलं नाही.

पुढच्या गणपतीला सभेने वाटेच्या तोंडाशी संगमरवरी फलक बसवला. हॉटेलने नाही दिला, तर वर्गणी काढून बसवला, पण बसवलाच. 'या ऐतिहासिक वाटेचं रक्षण करणारे' असं वर लिहिलं, आणि खाली नावं. अध्यक्ष विठू भिवाजी, खासदार सुरेन गणोजी, मार्गदर्शक डॉक्टर टिपणीस, मुंबई, आणि मग हात वर करणारी सगळी समिती. माझंही नाव घालणार होते. मी काकांना सांगितलं की माझं नाव घातलंत तर रात्रीतून छिन्नीने काढीन. काकांना माहीत होतं, मी काढीन.

त्या संध्याकाळी रोझमाँ ओहोटीवरून वर आली. काठीला दोन ऑक्टोपस लटकलेले. तिला वाचता येत नसे. फलकासमोर उभी राहून तिने मला विचारलं, "काय लिहिलंय?"

"नावं."

"कोणाची?"

"त्या दिवशी जे इथे नव्हते त्यांची."

"माझं नाही ना त्यात?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिने फलकाच्या वरच्या कडेवर, बरोबर काकांच्या नावावर येतील असे, दोन्ही ऑक्टोपस वाळत घातले आणि त्याच्या पायथ्याशी बसून पाइप पेटवला. तिचं तोंड ईशान्येला, तिच्या बेटाच्या दिशेला होतं. नेहमी तिकडेच असायचं.

पुढे रोज ती तिथेच वाळत घालायची. काकांनी दोनदा हटकलं, तिसऱ्यांदा तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, मग त्यांनी सोडून दिलं. रोझमाँ गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिला तिच्या बेटावर कोणी नेलं नाही, आमच्याच गावच्या दफनभूमीत पुरली. दर गणपतीच्या आधी काका, आता काठी टेकत, लिंबू आणि राख घेऊन जातात आणि तो फलक घासतात. मासळीचा वास गेलाय. डाग नाही जात.